बाटलीभर पाण्यामागे मूठभर कोळसा

फेब्रुवारी २०२४ मध्ये एक छोटीशी चित्रफीत देशभर पाहिली गेली. स्थळ होते चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातला रामदेगीचा परिसर. 'भानुसखिंडी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाघिणीचा बछडा पाणवठ्यापाशी येतो, पाण्यात पडलेली प्लास्टिकची बाटली तोंडात धरतो आणि ती घेऊन चालू लागतो. दृश्य एवढेच. पण ते पाहून अनेकांना ओशाळल्यासारखे झाले. वाघाच्या पाणवठ्यात बाटली टाकणारा वाघ नव्हता, हे सांगायला नको!

चंद्रपूरहून मोहर्लीच्या बाजूने ताडोबाला जाणारा रस्ता दुर्गापूर-ऊर्जानगरवरून जातो. ऊर्जानगर म्हणजे चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्रातील कर्मचाऱ्यांची वसाहत. केंद्राची सध्याची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. एका बाजूला कोळशाच्या खाणी, दुसऱ्या बाजूला जंगल आणि मध्ये उंच चिमण्या व अजस्र शीतमनोरे, असा हा मुलूख. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांच्या वर सहज जातो. अशा वेळी रस्त्याने जाणारा माणूस दुकानासमोर थांबतो, वीसएक रुपये देऊन थंडगार बाटली घेतो आणि चार घोटांत रिकामी करतो. त्याची तहान खरी असते, त्याला दोष कसा द्यावा?

तरीही या बाटलीवरून जगभर मोठा वाद चालू आहे. काही म्हणतात, ती आरोग्याची रक्षक आहे. काही म्हणतात, ती पर्यावरणाची वैरीण आहे. आपण विज्ञानाचे विद्यार्थी. आपण आधी दोन्ही बाजू ऐकू, मग कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करू, आणि शेवटी मत बनवू.

दोन बाजूंचे म्हणणे

फार पूर्वीची गोष्ट नाही. प्रवासाला निघताना लोक फिरकीचा तांब्या बरोबर घेत. गावोगावी पाणपोया असत. रेल्वेच्या फलाटावर नळाला ओंजळ लावून पाणी पीत. विकतचे पाणी ही कल्पनाच लोकांना हसण्यासारखी वाटे. १९६५ साली ठाण्यात बिसलेरीचे पाणी भरण्यास सुरुवात झाली. तेव्हा ते काचेच्या बाटल्यांत मिळे आणि मोठ्या हॉटेलांपलीकडे त्याला फारसे गिऱ्हाईक नव्हते. पुढे हलकी आणि न फुटणारी प्लास्टिकची बाटली आली आणि चित्र पालटले.

बाटलीचा कैवार घेणारे म्हणतात: दूषित पाण्यातून कॉलरा, विषमज्वर, कावीळ, अतिसार हे रोग पसरतात. अनोळखी गावात कोणते पाणी चांगले हे प्रवाशाला कसे कळावे? पुराच्या वेळी तर बाटलीला पर्यायच नसतो. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पुरात बुडाले. अशा वेळी सगळीकडे पाणीच पाणी असते, पण पिण्याजोगे थेंबभरही नसते. शिवाय या बाटल्यांचे प्लास्टिक पुन्हा वापरता येते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सहभागाने झालेल्या २०१७ च्या एका पाहणीत, भारतातील अशा बाटल्यांपैकी सुमारे ९० टक्के बाटल्यांचे प्लास्टिक पुन्हा उपयोगात येते, असे आढळले.

विरोधक म्हणतात: हे प्लास्टिक गोळा होते ते कचरा वेचणाऱ्या गरीब माणसांच्या कष्टांमुळे. शिवाय जुन्या बाटलीची पुन्हा बाटली क्वचितच होते, बहुधा तिचे धागे काढून कापड किंवा गालिचे करतात. म्हणजे पुढच्या बाटलीसाठी पुन्हा नवे प्लास्टिक आलेच. आणि उरलेल्या बाटल्यांचे काय? त्या गटारात, नदीत आणि वाघाच्या पाणवठ्यात जातात.

दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. आता हिशेबाकडे वळू.

रिकाम्या बाटलीचे वजन

पाण्याची बाटली ज्या प्लास्टिकची असते त्याला 'पेट' म्हणतात. 'पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट' या लांबलचक नावाचे हे लघुरूप. खनिज तेल आणि नैसर्गिक वायू यांपासून दोन रसायने तयार करतात. त्यांचे रेणू एकाला एक जोडत गेले की लांबच लांब साखळी बनते. आपले पेट ते हेच. या साखळ्या फार चिवट असतात, म्हणून बाटली फुटत नाही. आणि त्याच कारणाने ती मातीत कुजतही नाही. उन्हापावसात तिचे बारीक बारीक तुकडे होतात, इतकेच.

एक लिटरची रिकामी बाटली तराजूत ठेवली तर साधारण २० ग्रॅम भरते. वाटते, एवढ्याशा वजनाने काय होणार? पण एक किलो पेट तयार करून त्याच्या बाटल्या घडवण्यास, कच्च्या मालातील ऊर्जा धरून, सुमारे १०० मेगाज्यूल ऊर्जा लागते. मग २० ग्रॅमला किती लागेल?

१०० × ०.०२ = २ मेगाज्यूल.

दोन मेगाज्यूल म्हणजे किती, हे ऊर्जानगरच्या मुलांना कोळशाच्या भाषेत चटकन कळेल. येथील कोळशात राखेचे प्रमाण बरेच असते. असा एक किलो कोळसा जाळला तर ढोबळ मानाने १६ मेगाज्यूल उष्णता मिळते. म्हणजे दोन मेगाज्यूलसाठी एक-अष्टमांश किलो, अर्थात १२५ ग्रॅम कोळसा झाला. जुन्या भाषेत अदपाव! मुठीत धरा, मूठ भरेल. आणि हा हिशेब नुसत्या रिकाम्या बाटलीचा आहे. पाण्याचे शुद्धीकरण, ट्रकने केलेली वाहतूक आणि दुकानातला फ्रीज यांचा खर्च निराळाच.

आता तुलना करू. एक लिटर पाणी ३० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापवायचे आहे. पाण्याची विशिष्ट उष्णता तुम्हाला ठाऊक आहेच: एक लिटर पाणी एक अंशाने तापवण्यास ४.२ किलोज्यूल लागतात. म्हणून ४.२ × ७० = २९४ किलोज्यूल, म्हणजे सुमारे ०.३ मेगाज्यूल. शेगडीची बरीच उष्णता वाया जाते हे धरले तरी, एका रिकाम्या बाटलीच्या ऊर्जेत तीन-चार लिटर पाणी उकळून निर्जंतुक होईल.

नळाच्या पाण्याचे काय? एक लिटर पाणी ५० मीटर उंचीच्या टाकीत चढवण्यास जेमतेम अर्धा किलोज्यूल लागतो. पंपात वाया जाणारी ऊर्जा, दुरून पाणी आणणे आणि शुद्धीकरण हे सगळे धरले तरी हा आकडा पाच किलोज्यूलच्या आसपास येतो. बाटलीचे दोन मेगाज्यूल म्हणजे २,००० किलोज्यूल. म्हणजे बाटली भरण्याआधीच आपण नळाच्या ४०० पट ऊर्जा खर्च केलेली असते!

अमेरिकेतील पॅसिफिक इन्स्टिट्यूटचे पीटर ग्लाइक आणि हेदर कूली यांनी २००९ मध्ये हाच हिशेब बारकाईने मांडला होता. लॉस एंजेलिस शहरात मिळणाऱ्या एक लिटर बाटलीबंद पाण्यामागे ५.६ ते १०.२ मेगाज्यूल ऊर्जा लागते, असे त्यांना आढळले. कमी आकडा जवळपास भरलेल्या पाण्याचा, मोठा आकडा समुद्रापलीकडून आणलेल्या पाण्याचा. त्यांनी तपासलेल्या बाटल्या आपल्या आजच्या बाटल्यांपेक्षा जड होत्या, हेही लक्षात ठेवले पाहिजे. तरीसुद्धा बाटलीबंद पाण्याला नळाच्या पाण्यापेक्षा २,००० पटींपर्यंत अधिक ऊर्जा लागते, हा त्यांचा निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे.

वीस लिटरच्या जारचा हिशेब मात्र वेगळा आहे. तो परत जातो, धुतला जातो आणि पुन्हा भरला जातो. त्यामुळे दर लिटरमागे प्लास्टिकचा खर्च फारच कमी पडतो. पण तो किती स्वच्छ धुतला, झाकणाला सील होते की नाही आणि पाणी कोठले भरले, हे प्रश्न तेथे उरतातच.

बाटलीतले पाणी अधिक शुद्ध असते का?

आपण सरसकट सगळ्याच बाटल्यांना 'मिनरल वॉटर' म्हणतो. ही चूक आहे. खरे खनिज जल म्हणजे नैसर्गिक झऱ्यातून किंवा भूगर्भातून घेतलेले, मूळचे क्षार कायम ठेवलेले पाणी. त्याचा भारतीय मानक क्रमांक आहे १३४२८. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक बाटल्यांवर १४५४३ हा क्रमांक दिसतो. ते असते 'पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर', म्हणजे बोअरचे किंवा नळाचेच पाणी शुद्ध करून भरलेले. पुढच्या वेळी बाटली हातात आली तर लेबल वाचून पाहा.

शुद्धीकरण नीट झाले तर हे पाणी निश्चितच पिण्यायोग्य असते. पण बाटलीत भरले म्हणून पाणी आपोआप शुद्ध होत नाही. फेब्रुवारी २००३ मध्ये दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने दिल्ली आणि मुंबई परिसरातील बाटल्या तपासल्या, तेव्हा बहुतेकींत कीटकनाशकांचे अंश सापडले. जमिनीतले पाणीच दूषित होते आणि तेथून ते बाटलीत आले होते. त्यानंतर मानके कडक करण्यात आली. २०२४ मध्ये केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बाटलीबंद पाण्याचा समावेश अधिक जोखमीच्या खाद्यपदार्थांत केला.

अलीकडे आणखी एक गोष्ट उजेडात आली आहे. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी लेसर किरणांच्या साहाय्याने बाटलीबंद पाणी तपासले. एका लिटरमध्ये सरासरी २,४०,००० प्लास्टिकचे कण आढळले. त्यांतील सुमारे ९० टक्के कण इतके सूक्ष्म होते की साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसणार नाहीत. गंमत अशी, की त्यांत बाटलीच्या पेटबरोबर नायलॉनच्या जातीचे प्लास्टिकही होते. ते बहुधा पाणी शुद्ध करणाऱ्या गाळण्यांतूनच आले असावे! या कणांचा शरीरावर काय परिणाम होतो, याचा अभ्यास चालू आहे. तेव्हा घाबरून जाण्याचे कारण नाही. पण 'बाटली म्हणजे संपूर्ण शुद्ध' हा समजही सोडून दिला पाहिजे.

नळाचे दुखणे ओळखा

येथे तुमच्यापैकी कोणी म्हणेल, "आमच्या गावच्या पाण्याला वास येतो. बोअरचे पाणी खारट लागते. मग आम्ही काय करायचे?" हा या वादातला सर्वांत खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर 'पाणी वाईट आहे' एवढ्यावर थांबून मिळत नाही. डॉक्टर जसा रोग ओळखल्याशिवाय औषध देत नाही, तसे पाण्यात नेमके काय बिघडले आहे ते आधी कळले पाहिजे.

पाण्यात जंतू असतील तर उपाय सोपा आहे. पाणी उकळावे, किंवा क्लोरीन वापरावे. गावात टीसीएल पावडर म्हणतात ती हीच क्लोरीन देणारी पावडर. नळाच्या पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे की नाही, हे ओ.टी. परीक्षणाने मिनिटभरात कळते. पाण्यात ओ.टी. द्रावणाचे थेंब टाकले आणि पिवळा रंग आला, म्हणजे क्लोरीन आहे. हे काम गावचा जलसुरक्षक करतो.

पाण्यात फ्लोराइड असेल तर मात्र उकळून काहीच उपयोग नाही. उलट पाण्याची वाफ जाते, फ्लोराइड मागे राहते आणि त्याचे प्रमाण वाढते! चंद्रपूर जिल्ह्यातील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड मर्यादेपेक्षा अधिक आहे. एका लिटरमध्ये दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असलेले पाणी वर्षानुवर्षे प्यायल्यास आधी दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडे व सांधे ताठरतात. यावर उपाय शोधला तो आपल्या शेजारच्या नागपुरात. तेथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे 'नीरी'ने, १९७० च्या दशकात 'नालगोंडा पद्धत' विकसित केली. पाण्यात तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर योग्य प्रमाणात मिसळून ढवळायचे आणि गाळ खाली बसू द्यायचा. फ्लोराइडचा बराच भाग गाळाबरोबर निघून जातो. अर्थात शक्य असेल तेथे धरणाचे किंवा नदीचे पाणी आणणे, म्हणजे उगमच बदलणे, हा सर्वांत चांगला उपाय.

आणि पाण्यात क्षार फार असतील तर? तेथे आर.ओ. यंत्र उपयोगी पडते. पण घरगुती आर.ओ. एक लिटर पाणी देताना बहुधा दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकते. म्हणून जेथे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी आहे, तेथे आर.ओ. वापरू देऊ नये, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये म्हटले होते.

पाहा, तीन दुखणी आणि तीन निराळी औषधे! बाटली या तिन्हींवर एकच औषध देते, आणि तेही विकत घेणाऱ्यापुरतेच. पाच माणसांच्या घराला दिवसाला पंधरा लिटर पिण्याचे पाणी धरले तर बाटलीच्या दराने रोजचे ३०० रुपये झाले. खाणीवर किंवा शेतात रोजीने जाणाऱ्या माणसाला हे कसे परवडावे? ज्यांना परवडते त्यांनी बाटली किंवा जार घेतला की, नळाबद्दल ग्रामसभेत किंवा नगरपालिकेत तक्रार करणारे तोंडही कमी होते. मग नळ तसाच राहतो आणि ज्याला दुसरा मार्ग नाही तो तेच पाणी पीत राहतो. बाटलीचा हा परिणाम कोणत्याही तराजूत मोजता येत नाही, पण तो सर्वांत वाईट आहे.

माठ आणि मनोरा

पुष्कळ वेळा माणूस बाटली घेतो ती शुद्धतेसाठी नव्हे, तर गारव्यासाठी. गारव्याचे शास्त्र ऊर्जानगरच्या आकाशात सर्वांना दिसेल असे उभे आहे. वीज केंद्राच्या शीतमनोऱ्यांतून पांढरा ढग निघताना दिसतो. पुष्कळांना तो धूर वाटतो, पण धूर निघतो उंच सडपातळ चिमणीतून. मनोऱ्यातून निघते ती पाण्याची वाफ. यंत्रांतून आलेले गरम पाणी मनोऱ्यात वरून फवारतात. त्यातील थोडे पाणी वाफ होऊन जाते आणि जाताना उरलेल्या पाण्यातील उष्णता घेऊन जाते. आपला मातीचा माठ अगदी हेच करतो. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरते, वाऱ्याने त्याची वाफ होते आणि आतले पाणी गार होते.

एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता घेतली जाते. एक लिटर पाणी ४० अंशांवरून २५ अंशांवर आणण्यास ४.२ × १५ = ६३ किलोज्यूल काढून घ्यावे लागतात. म्हणजे अवघे २६ ग्रॅम पाणी उडाले की काम झाले! प्रत्यक्षात बाहेरून उष्णता येत राहते म्हणून थोडे अधिक पाणी उडते. चंद्रपूरचा उन्हाळा कोरडा असल्यामुळे येथे माठ फार छान काम करतो; मुंबईच्या दमट हवेत त्याला तितके जमत नाही.

पण वाफ झालेले पाणीही कोठून तरी यावे लागते. केंद्रासाठी इरई नदीवर धरण बांधले आहे आणि त्याच धरणाचे पाणी चंद्रपूर शहर पिते. २०१० च्या उन्हाळ्यात धरणातले पाणी इतके आटले की वीज केंद्राचे संच बंद ठेवण्याची वेळ आली. अशा जुन्या केंद्रांनी एका युनिट विजेमागे साडेतीन लिटरपेक्षा अधिक पाणी वापरू नये, अशी मर्यादा केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये घातली. म्हणजे फ्रीजमध्ये गार होणाऱ्या बाटलीमागे कोळसा आहे तसे पाणीही आहे.

मग बाटली हवी की नको?

जगात काही गावांनी या प्रश्नाचे उत्तर आपल्यापुरते दिले आहे. ऑस्ट्रेलियातील बंडानून या छोट्या गावाने २००९ मध्ये बाटलीबंद पाण्याची विक्री थांबवली. मात्र त्याच वेळी रस्त्यावर बाटली भरून घेण्यासाठी नळ बसवले. भारतात सिक्कीममधील लाचेन गावाने २०१२ मध्ये असाच निर्णय घेतला आणि २०२२ पासून सिक्कीम राज्यानेही तो स्वीकारला. महाराष्ट्राने २०१८ मध्ये प्लास्टिकबंदीचे नियम केले, तेव्हा पाण्याच्या बाटल्या परत घेण्याची तरतूद त्यांत होती. बंडानूनकडून शिकण्याजोगी गोष्ट ही की, आधी नळ आणि मग बंदी. पर्याय न देता घातलेली बंदी तहानलेल्याला पटत नाही.

तेव्हा पूर आला, साथ आली, अनोळखी ठिकाणी सोय नसली, तर बाटली जरूर घ्यावी. ती औषधासारखी आहे, आणि औषध कोणी जेवणाऐवजी खात नाही. रोजच्या पाण्यासाठी तपासलेला नळ, घरचा माठ आणि दप्तरात स्टीलची बाटली, हेच शहाणपणाचे.

करून पाहा

१. आठवडाभर तुमच्या घरी आणि वर्गात आलेल्या पाण्याच्या बाटल्या मोजा. दर एक लिटरच्या बाटलीमागे १२५ ग्रॅम कोळसा धरून बेरीज करा.

२. एक माठ पाण्याने भरून सकाळी काट्यावर तोला. पाण्याचे तापमानही मोजा. न झाकता ओलसर राहील असा सावलीत, वाऱ्यावर ठेवा आणि संध्याकाळी पुन्हा तोला व मोजा. किती पाणी उडाले? किती अंशांचा फरक पडला?

३. शिक्षकांना बरोबर घेऊन ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जा आणि आपल्या पाण्याचा शेवटचा तपासणी अहवाल पाहायला मागा. जंतू, फ्लोराइड आणि विरघळलेले क्षार हे तीन आकडे वहीत उतरवून घ्या, तपासणीची तारीख लिहा आणि ते वर्गाच्या फळ्यावर लावा. तपासणी झालीच नसेल तर ती कधी होणार, एवढे नम्रपणे विचारा. हा प्रश्न विचारायला वयाची अट नाही.